समज देऊन सोडलं, पुढे काय?

शेजारच्या घरातून रात्री पोराच्या रडण्याचा आवाज येतो. रोजच येतो. एके दिवशी कुणीतरी हिंमत करून १०९८ ला फोन लावतं. चाइल्ड हेल्पलाइनची माणसं येतात, मुलाच्या पाठीवरचे वळ बघतात, त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, हजर करतात. वडील हात जोडतात. आजोबा ‘घरातलं घरात मिटवतो’ म्हणतात. आई काहीच बोलत नाही. मग हमीपत्र लिहिलं जातं: यापुढे मुलास मारहाण करणार नाही, त्याचे शिक्षण व पालनपोषण नीट करीन. खाली सही किंवा अंगठा. मूल घरी जातं आणि फोन करणाऱ्याला हायसं वाटतं.

या लेखाचा विषय आहे त्यानंतरचे महिने. मुलांवरच्या अत्याचाराची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘तक्रार कशी करावी’ इथवर येऊन थांबते. ती माहिती हवीच. पण एकदा तक्रार झालेल्या घरात तोच प्रकार पुन्हा होतो का, का होतो आणि कशाने थांबतो, हे फारसं कुणी सांगत नाही. जी मुलं जिवाला मुकतात किंवा जन्माची दुखावतात, त्यांच्यातल्या कितीतरी मुलांचं नाव आधीच कुठल्यातरी कागदावर आलेलं असतं. म्हणून मला हा प्रश्न पहिल्या तक्रारीइतकाच मोठा वाटतो.

पुन्हा होण्याची शक्यता किती?

२००६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी याच एका प्रश्नावर तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासले. ज्या मुलावर एकदा अत्याचार झाल्याची नोंद आहे, त्याच्यावर पुन्हा तसं होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत सुमारे सहापट आढळली. दुसरा निष्कर्ष माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे. हा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या घटनेनंतरच्या साधारण ३० दिवसांत, आणि पुढे तो हळूहळू कमी होत जातो. म्हणजे आपण ‘झालं, मिटलं’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतो, नेमका तोच महिना मुलासाठी सर्वांत वाईट असू शकतो. तक्रार झाल्याचा राग घरात ताजा असतो, चार लोकांत लाज गेलेली असते, आणि त्या सगळ्याचं खापर फोडायला घरात एकच लहान माणूस असतं.

कोणत्या घरात हे पुन्हा होतं? त्या पाहणीत चार गोष्टी सर्वांत ठळकपणे पुढे आल्या. आधी किती वेळा झालं आहे, ही पहिली. प्रत्येक घटनेगणिक पुढच्या घटनेची शक्यता वाढत जाते. दुसरी, प्रकार हेळसांडीचा आहे का. मारहाणीपेक्षा हेळसांड जास्त वेळा परतून येते. तिसरी, आईवडिलांमधली भांडणं आणि हिंसा. चौथी, त्यांच्यापैकी कुणाचा तरी मानसिक आजार. दारू किंवा इतर व्यसन, मूल अगदी लहान असणं आणि घराला बाहेरचा आधार नसणं या गोष्टीही यादीत होत्या, पण त्यांचा पुरावा इतका एकसारखा नव्हता.

हे आकडे बाहेरच्या देशांतले आहेत आणि ते फक्त नोंद झालेल्या घटनांचे आहेत. आपल्याकडे घरातल्या अत्याचाराची नोंदच इतकी तोकडी होते, की पुनरावृत्ती मोजायला पहिली घटनाच कागदावर नसते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण सांगितली. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त मुलांना मारणारे आईवडीलच होते. बहुतेक मुलांनी हे आधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

हेळसांड सर्वांत जास्त का परतते

मारहाण घडते, आणि ती अमुक दिवशी, अमुक वेळी घडते. हेळसांडीला तसा दिवस नसतो. मुलाला वेळेवर खायला नाही, ताप आला तरी दवाखाना नाही, चार वर्षांची पोर दीड वर्षाच्या भावाला सांभाळत दिवसभर एकटी, शाळेत नाव आहे पण मूल शाळेत नाही. हे महिनोन्‌महिने चालतं. समितीचा आदेश झाल्यावर आठवडाभर घर झाडून-पुसून नीटनेटकं दिसतं. पण ज्या कारणांनी हेळसांड झाली ती कारणं हमीपत्राने हललेली नसतात. बापाची दारू तीच, आईचं नैराश्य तेच, सावकाराचं व्याज तेच. क्षयाचं औषध पहिल्या महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडलं की रोग उलटतो, तसाच हा प्रकार आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण तो चुकला तर आपण गरिबाच्या घरावर अन्याय करतो. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. बीडहून किंवा पाथर्डीहून ऊसतोडीला जाणारं जोडपं दिवाळीच्या सुमाराला पोरांना घेऊन कारखान्यावर जातं. पहाटे अंधारातच फडात जावं लागतं आणि तान्हं पोर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मोठ्या बहिणीजवळ राहतं. बाहेरून बघणाऱ्याला हे मूल वाऱ्यावर सोडल्यासारखं दिसेल. पण त्या आईकडे दुसरा कोणता मार्ग होता? गावात हंगामी वसतिगृह चालू असतं, फडाजवळ पाळणाघर असतं, तर तिने लेकराला तिथेच ठेवलं असतं. अशा घरातलं मूल उचलून बालगृहात ठेवणं हा उपाय होऊ शकत नाही. कायदाही हेच म्हणतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या मूलतत्त्वांनुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारते: मदत हाताशी आल्यावर पालक ती घेतात का? पाळणाघर मिळाल्यावर मूल तिथे येऊ लागलं, तर तो प्रश्न गरिबीचा होता. पाळणाघर शेजारी आहे, रेशन मिळतं, दवाखाना फुकट आहे, आणि तरीही मूल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच अवस्थेत सापडतं, तर त्या घरात आणखी काहीतरी बिनसलंय. बऱ्याचदा ते आईच्या मनाच्या आजाराशी नाहीतर बापाच्या व्यसनाशी जोडलेलं असतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आपल्याकडे ‘नखरे’ म्हणून उडवून लावला जाणारा आजार आहे. त्याच्यावर उपचार झाले तर काही घरांतली हेळसांड त्याबरोबरच जाते. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाच्या संरक्षणाचा विचार करताना या क्रमांकाची आठवण फार थोड्या लोकांना होते.

छोटी जखम दुर्लक्षायची नसते

जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग येण्याचं कारण काय असू शकतं? बाळाचे डॉक्टर हा प्रश्न फार गंभीरपणे घेतात. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या डॉक्टरांनी २०१३ साली, बारा महिन्यांच्या आतल्या ज्या २०० बाळांवर मारहाण झाल्याचं पक्कं ठरलं होतं त्यांचे जुने कागद काढून पाहिले. जवळजवळ २८ टक्के बाळांच्या अंगावर त्याआधीही एखादी ‘किरकोळ’ जखम कुणाच्या तरी नजरेला पडली होती. त्यातल्या बहुतेक जखमा म्हणजे साधे काळेनिळे डाग होते. ज्या १०१ बाळांवर अत्याचार झालेलाच नव्हता, त्यांच्यापैकी एकाच्याही कागदावर अशी आधीची जखम नव्हती.

पुनरावृत्ती मुळाशीच थांबवायची संधी कुठे असते, हे यातून कळतं. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरने थांबून विचारायला हवं. चालतं-पळतं मूल गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर पडतं. कानामागे किंवा पोटावर ते सहसा पडत नाही. लसीकरणाच्या दिवशी बाळाचे कपडे काढणारी नर्स आणि अंगणवाडीत वजन घेणारी सेविका या दोघींच्या नजरेला ही गोष्ट सर्वांत आधी पडू शकते.

आपल्या कायद्यात इथे एक मोठी फट आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घरातली मारहाण आणि हेळसांड यांच्याबाबत मात्र अशी सरसकट सक्ती नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण तिथवर प्रकरण पोचायला आधी कुणीतरी ते नेलं पाहिजे.

आणि घरातला मार अजून आपल्याला गुन्हा वाटतच नाही. शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरासाठी तशी स्पष्ट बंदी भारतात नाही. स्वीडनने ती १९७९ साली घातली, नेपाळने २०१८ मध्ये. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ हे वाक्य बालकल्याण समितीसमोर पालकांच्या तोंडी सहज येतं, आणि ते प्रामाणिकपणे म्हटलेलं असतं. म्हणूनच हमीपत्रावर सही करणाऱ्या वडिलांना आपण नेमकं काय बंद करायचं आहे, हेच बहुतेक वेळा उमगलेलं नसतं. पट्टा बंद, की थप्पडही बंद? ते त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

मूल शब्द फिरवतं तेव्हा

घरातल्या लैंगिक अत्याचारात पुनरावृत्तीचं स्वरूप आणखी वेगळं असतं. तिथे तक्रार व्हायच्या आधीच बहुधा कितीतरी वेळा घडून गेलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या वार्षिक अहवालांत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वरच आहे. कायद्याने हे ओळखलंय. वारंवार केलेला अत्याचार आणि नातेवाइकाने किंवा एकाच घरात राहणाऱ्याने केलेला अत्याचार, दोन्ही ‘गंभीर’ प्रकारात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर बलात्काराला किमान २० वर्षांची शिक्षा आहे.

पण खटला उभा राहायच्या आतच अनेक मुलं ‘मी खोटं बोलले’ असं म्हणतात. लोक मग खांदे उडवून मोकळे होतात. लॉस एंजेलिसच्या २५७ प्रकरणांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २३ टक्के मुलांनी कधी ना कधी आपला शब्द मागे घेतला होता. शब्द मागे घेणाऱ्यांत लहान वयाची मुलं जास्त होती. आरोपी वडिलांच्या जागी असलेला माणूस होता अशी मुलं जास्त होती. आणि ज्यांच्या बाजूने घरातलं दुसरं मोठं माणूस, म्हणजे बहुधा आई, उभं राहिलं नाही, ती मुलं जास्त होती. मूल खोटं बोललं असं त्यातून निघत नाही. निघतं ते इतकंच, की त्याच्यावर घरचा दाब आला. चूल ज्याच्या पगारावर पेटते तो तुरुंगात गेल्यावर ‘तुझ्यामुळे आपण रस्त्यावर आलो’ हे त्या मुलीला दिवसातून दहादा ऐकवलं जातं.

म्हणून आईला उभं करणं हा पुनरावृत्ती थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता आहे असं मला वाटतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती स्वतःसाठी आणि मुलांसाठी न्यायालयाकडे संरक्षण मागू शकते. न्यायालय हिंसा करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहायचा आदेशही देऊ शकतं. मुलाला उचलून बालगृहात न्यायचं आणि मारणारा घरात राहायचा, ही आपली नेहमीची पद्धत उलटी करायला कायद्यात जागा आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आरोपी त्याच घरात राहत असेल तर पोलिसांनी मुलाला २४ तासांत समितीपुढे न्यायचं असतं आणि समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं की मूल त्या घरात सुरक्षित आहे का. समिती मुलासाठी एक सहायक व्यक्तीही नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून खटला संपेपर्यंत मुलाच्या सोबत असते. ती नेमली जावी म्हणून मागे लागायचा हक्क कुटुंबाला आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

समितीच्या हातात काय आहे

बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यात किमान एक स्त्री असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल पुढे आलं की गृहचौकशी होते, सामाजिक तपासणीचा अहवाल येतो आणि चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा असतो. आदेश दोनच प्रकारचा असतो, मूल घरी किंवा मूल बालगृहात, असा समज सगळीकडे आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ३७ मध्ये मधली बरीच जागा आहे. मूल घरी सोपवतानाच ‘देखरेखीखाली’ सोपवता येतं. मामा-मावशीसारख्या योग्य व्यक्तीकडे ठेवता येतं. दुसऱ्या कुटुंबात संगोपनासाठी देता येतं. घरालाच दरमहा आर्थिक मदत देऊन मूल तिथेच राखता येतं.

महाराष्ट्रात यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल कुटुंबातच राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. एकट्या पडलेल्या आजीसाठी किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बाईसाठी हे पैसे लहान नाहीत. मूल पुन्हा त्याच मारणाऱ्या बापाच्या दारात पाठवायचं की आजीकडे ठेवायचं, हा निर्णय कधीकधी नेमक्या एवढ्या रकमेवर अडलेला असतो.

अडचण देखरेखीची आहे. आदेशात ‘देखरेखीखाली’ लिहिलं, तरी देखरेख करणार कोण? मिशन वात्सल्यमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, म्हणजे जिल्ह्यात हे काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, मोजके समाजसेवक आणि क्षेत्र कार्यकर्ते धरलेले आहेत. अहिल्यानगर किंवा बीडसारख्या जिल्ह्यात हजाराहून जास्त गावं आहेत. तीच माणसं बालविवाह थांबवतात, हरवलेल्या मुलांचे आईबाप शोधतात, बालगृहांच्या तपासण्या करतात. घरी परतलेल्या मुलाची दर आठवड्याला गाठ घेणं त्यांना शक्य नाही. हा त्यांचा आळस नाही. सरकारने पदं मंजूर करताना काम तक्रारीपासून आदेशापर्यंतचंच धरलेलं दिसतं.

परत गेलेल्या मुलाकडे कुणी एकत्रितपणे बघत नसेल तर काय होतं, हे इंग्लंडने फार मोठी किंमत देऊन शिकलं. मारिया कॉलवेल ही ब्रायटनची मुलगी काही महिन्यांची असल्यापासून नात्यातल्या जोडप्याकडे सुखात वाढत होती. १९७१ साली तिला तिच्या मनाविरुद्ध सख्ख्या आईकडे आणि सावत्र वडिलांकडे परत पाठवलं. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, शाळेतल्या बाईंनी काळजी कळवली, समाजसेविका घरी जाऊन आल्या. १९७३ च्या जानेवारीत सावत्र वडिलांच्या मारहाणीत ती गेली. सात वर्षांची होती. चौकशी समितीला दिसलं की शाळेला एक गोष्ट माहीत होती, पोलिसांना दुसरी, आरोग्य खात्याला तिसरी, आणि या सगळ्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. त्यानंतर तिथे डॉक्टर, शिक्षक, पोलीस आणि समाजसेवक एकत्र बसून प्रत्येक मुलाचा विचार करतील अशा बैठका सुरू झाल्या, धोक्यातल्या मुलांच्या नोंदवह्या आल्या. तरीही २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी जवळच्या माणसांच्या छळाने गेली, आणि तिला वाचवता आलं असतं असे किमान १२ प्रसंग चौकशीत निघाले. बैठका असूनही हे घडलं. त्या बैठकांत बोललेलं पुढे कुणी केलं का, हे बघणारं कुणी नव्हतं.

खरोखर कशाने थांबतं?

इथे संशोधनाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग झाला. पहिलटकरीण गरोदर असल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स तिच्या घरी जात राहिली. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मुलांवरच्या अत्याचाराच्या नोंदी निम्म्याच्या आसपास कमी होत्या. साहजिकच लोकांना वाटलं, की एकदा अत्याचार झालेल्या घरीही नर्स पाठवावी. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये तसा प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २००५ साली आला. १६३ कुटुंबं होती. नर्स दोन वर्षं जात राहिली. तीन वर्षांनी हिशेब केला तर नर्स गेलेल्या आणि न गेलेल्या घरांत पुनरावृत्तीचा फरक पडलेला नव्हता.

पहिली वेळ टाळणं आणि दुसरी वेळ थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी माहिती, आधार आणि वेळेवरची मदत पुरेशी ठरू शकते. दुसऱ्यासाठी मोठ्या माणसाची मुलाशी वागण्याची रुळलेली पद्धत बदलावी लागते, आणि सल्ल्याने ती बदलत नाही. एल्मायरातल्या घरांचा पुढे आणखी अभ्यास झाला. ज्या घरांत नवरा बायकोला वारंवार मारत होता, तिथे नर्सच्या भेटींचा फायदा मुलांपर्यंत पोचलाच नव्हता. बायकोवरची हिंसा चालू ठेवून मुलाला वाचवायचा प्रयत्न बहुतेक फुकट जातो.

मग वागणं बदलतं कसं? ओक्लाहोमात मुलांना मारणाऱ्या ११० पालकांवर २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पालक आणि मूल एका खोलीत खेळायला बसतात. काचेपलीकडून समुपदेशक बघत असतो आणि पालकाच्या कानातल्या छोट्या यंत्रातून त्या क्षणी काय करायचं ते सांगतो. ‘त्याने ठोकळा नीट ठेवला, आत्ता शाबासकी द्या.’ ‘तो ओरडतोय, तिकडे लक्ष देऊ नका, तुमचं खेळणं चालू ठेवा.’ ‘आता एकच सूचना द्या, छोट्या वाक्यात.’ व्याख्यान नाही, पुस्तिका नाही. चूक होत असतानाच ती दुरुस्त केली जाते. सव्वादोन वर्षांहून थोड्या जास्त काळानंतर या पालकांपैकी १९ टक्क्यांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार आली होती. नेहमीचे पालक-प्रशिक्षणाचे वर्ग केलेल्या गटात हेच प्रमाण ४९ टक्के होतं. काच आणि कानातलं यंत्र आपल्याला लगेच परवडणार नाही. पण समुपदेशकाने पालकाशी कार्यालयात बोलण्याऐवजी पालक आणि मूल एकत्र असताना समोर बसून शिकवणं, यात न परवडण्यासारखं काही नाही.

एक समजूतही इथेच सोडवायला हवी. ‘ज्याला लहानपणी मारलं तो आपल्या पोरांना मारणारच’ हे वाक्य समितीच्या बाकांपासून मालिकांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. अमेरिकेत लहानपणी अत्याचार झालेल्या आणि न झालेल्या माणसांना अनेक दशकं पुढे भेटत राहून, त्यांच्या मुलांशीही बोलून २०१५ साली एक अभ्यास पुढे आला. शारीरिक मारहाणीच्या बाबतीत ही पिढ्यांची साखळी स्पष्ट दिसली नाही. हेळसांड आणि लैंगिक अत्याचार यांच्या बाबतीत मात्र अशा माणसांच्या मुलांनी जास्त त्रास सांगितला. शिवाय या लोकांवर सरकारी यंत्रणेची नजर आधीपासून असल्याने त्यांच्या तक्रारी नोंदल्याही जास्त जात होत्या. म्हणजे भूतकाळावरून माणसावर शिक्का मारू नये, आणि मदत देताना त्याचा भूतकाळ विसरूही नये.

गावात, वाडीत, सोसायटीत

देखरेखीला सरकारी माणूस कमी पडतो, पण गावात मुलाला रोज बघणारी माणसं आहेत. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष असतात, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव असते, पोलीस पाटीलही असतात. अनेक गावांत ही समिती कागदावरच आहे. ती चालती करायला फार काही लागत नाही. मूल घरी परतलं की अंगणवाडीतला वजनाचा तक्ताच देखरेखीचं साधन होऊ शकतो. दोन महिने लागोपाठ वजन घसरलं, तर सेविकेने त्या घरी जायचं आणि कक्षाला लेखी कळवायचं. शाळेतल्या मुलासाठी हजेरीपट तेच काम करतो. आठवड्यात दर सोमवारी मूल गैरहजर असेल, तर रविवारी त्या घरात काय होतं हे विचारावंसं वाटायला हवं.

शिक्षकांनी एक वही ठेवावी असं मी आवर्जून सुचवेन. तारीख, काय दिसलं, मुलाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, एवढंच. ‘वडील फार वाईट आहेत’ असं मत नको. ‘१२ तारखेला उजव्या कानामागे निळा डाग, विचारल्यावर म्हणाला झोपेत पडलो’ अशी नोंद समितीपुढे फार कामी येते. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू मला सांगितलंस हे बरं केलंस, आता तुला मदत करतील अशा माणसांना मी सांगणार आहे’ एवढं म्हणावं.

दुसऱ्यांदा तक्रार करताना लोक अवघडतात. ‘मागच्या वेळी काही झालं नाही, आता पुन्हा कशाला?’ ही अडचण खरी आहे. पण मागच्या तक्रारीमुळेच दुसरी तक्रार जास्त वजनदार होते. आधीच्या घटनांची संख्या हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा आहे, हे वर आलंच. म्हणून १०९८ वर पुन्हा फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा, की या मुलाबद्दल आधी तक्रार झाली होती, साधारण कोणत्या महिन्यात झाली होती आणि मूल समितीपुढे गेलं होतं का. आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२ लावा. आपलं नाव सांगायचं नसेल तरी चालतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन करून कुणी घरी जाऊन आलं का, ते विचारा. जाऊन आलं नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या, आणि जुन्या प्रकरणात देखरेखीचा आदेश झाला होता का आणि ती कुणाकडे होती, हे त्या अर्जातच विचारा.